किरणोत्सर्ग आणि माणसाचं शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किरणोत्सर्गाने शरीरात नेमकं काय बिघडतं?

गॅमा, बीटा, अल्फा किंवा न्यूट्रॉन या किरणांमध्ये अणूंमधले इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा असते. पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून तयार होणारे आक्रमक कण डीएनएला इजा करतात, आणि काही वेळा किरण थेट डीएनएवरच आघात करतो. डीएनएची एक पट्टी तुटली तर पेशी ती सहसा जोडून घेते. दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच जागी तुटल्या तर जोडणी चुकू शकते. मग पेशी मरते किंवा चुकीच्या नकलेसह जगत राहते. पेशी मोठ्या संख्येने मेल्या तर माणूस काही दिवसांत आजारी पडतो. चुकीची नक्कल घेऊन पेशी टिकून राहिली तर अनेक वर्षांनी कर्करोग होण्याची शक्यता वाढते. हे दोन वेगळे धोके आहेत आणि त्यांची गल्लत झाली की एकतर फुकट घबराट होते, नाहीतर जीवघेणा निष्काळजीपणा.

ज्या पेशी सतत विभागत असतात त्या आधी मरतात: अस्थिमज्जेतल्या रक्तपेशी, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, पोटातला गर्भ. म्हणून लक्षणंही तिथेच आधी दिसतात.

ग्रे, सिव्हर्ट, बेक्वेरेल यांतलं कोणतं एकक कशासाठी?

बेक्वेरेल पदार्थाबद्दल सांगतं: दर सेकंदाला किती अणू फुटतात. ग्रे म्हणजे शरीराने शोषलेली ऊर्जा, दर किलोला एक ज्यूल. किरणाचा प्रकार आणि अवयवाची नाजूकता धरून धोक्याचा अंदाज करायचा तर सिव्हर्ट वापरतात. गॅमा किरण सगळ्या अंगावर सारखे पडले असतील तर 1 ग्रे म्हणजे 1 सिव्हर्ट धरायला हरकत नाही.

निसर्गातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाच्या सीटी स्कॅनला साधारण 8 ते 10 लागतात. भारतात किरणोत्सर्गाच्या कामावरच्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30 अशी मर्यादा आहे. सामान्य जनतेसाठी, नैसर्गिक आणि वैद्यकीय मात्रा सोडून, ती 1 आहे. उपचार न मिळाल्यास निम्मी माणसं दगावतात ती मात्रा 4 सिव्हर्टच्या आसपास, म्हणजे 4,000 मिलिसिव्हर्ट, आणि तीही थोड्या वेळात सगळ्या अंगावर आलेली. बातमीत आकडा वाचताना पुढे 'मिलि' आहे की 'मायक्रो', आणि 'ताशी' आहे की 'वार्षिक', हे आधी पाहा. बहुतेक गैरसमज तिथेच होतात.

किरण अंगावरून गेलेला माणूस दुसऱ्यांना धोकादायक असतो का?

नाही. गॅमा किरण शरीरातून गेले म्हणून माणूस किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून आलेल्या माणसाजवळ बसायला आपण घाबरत नाही, तसंच हे आहे. (न्यूट्रॉनचा मोठा मारा झाला तर शरीरात थोडा किरणोत्सार तयार होतो, पण ती वेळ अणुभट्टी किंवा इंधन कारखान्यातल्या अपघातातच येते.)

किरणोत्सारी पदार्थाची धूळ अंगाला, केसांना, कपड्यांना लागली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. अशी धूळ रंगपंचमीच्या कोरड्या रंगासारखी हाताला, हातातून दाराच्या कडीला, तिथून पोराच्या तोंडात जाते. वरचे कपडे काळजीपूर्वक उतरवले की बाहेरची जवळपास 80 ते 90 टक्के धूळ निघून जाते. कपडे डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि माणसांपासून लांब ठेवा. मग कोमट पाणी आणि साबण. ब्रशने घासायचं नाही, कारण कातडी सोलली की पदार्थ आत जातो. केसांना शाम्पू चालतो, कंडिशनर नको, त्याने धूळ केसांना चिकटून बसते. जखम आधी झाकून घ्या.

आणि हे डॉक्टर-नर्सनी विशेष लक्षात ठेवावं: रुग्णाचा जीव धोक्यात असेल तर आधी श्वास, रक्तस्राव आणि शॉक (रक्तदाब कोसळणं) यांकडे बघा. धूळ नंतर काढता येते. हातमोजे, गाऊन आणि मास्क घातलेल्या कर्मचाऱ्याला अशा रुग्णापासून होणारा धोका सहसा फार थोडा असतो.

भारतात सामान्य माणसाला जास्त धोका कुठून आहे? अणुवीज केंद्रातून?

अणुवीज केंद्रावर सतत कुणाचं ना कुणाचं लक्ष असतं. आमच्या मते जास्त काळजी करावी ती बेवारस झालेल्या किरणोत्सारी स्रोतांची, म्हणजे भंगारात आलेल्या कोबाल्ट, सिझियम, इरिडियमची. असे स्रोत जुन्या कर्करोग रुग्णालयात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, सिमेंट किंवा कागद कारखान्याच्या पातळीमापकात, पाइपलाइनचं वेल्डिंग तपासणाऱ्या रेडिओग्राफी कॅमेऱ्यात असतात. संस्था बंद पडते, जाणकार माणूस निवृत्त होतो, कागद हरवतात, आणि वजनदार शिशाचा डबा किलोच्या भावाने विकला जातो.

दिल्लीत 2010 मध्ये हेच झालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-60चं गॅमा यंत्र 1985 पासून वापरात नव्हतं. फेब्रुवारीत ते लिलावात गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली: उलट्या, काळी पडलेली कातडी, गळणारे केस. एकाचा त्या महिन्यातच मृत्यू झाला. कोबाल्ट-60चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 5.27 वर्षं आहे, म्हणजे चाळीस वर्षांत ते मूळच्या सुमारे दोनशेव्या भागावर येतं. तेवढं उरलेलंही जीव घ्यायला पुरतं. 'यंत्र फार जुनं आहे, आता काय होणार' हा युक्तिवाद इथेच संपतो.

ब्राझीलच्या गोयानियातली घटना याहून भयंकर होती. सप्टेंबर 1987 मध्ये तिथल्या सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघांनी सिझियम-137च्या उपचारयंत्राचा भाग उचलला. आत सुमारे 93 ग्रॅम सिझियम क्लोराइडची पावडर, 50.9 टेराबेक्वेरेल (एक टेरा म्हणजे एक लाख कोटी). कुपी फुटली. पावडर अंधारात निळसर चमकत होती म्हणून लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. एका सहा वर्षांच्या मुलीने तेच हात न धुता जेवण केलं. चार जण दगावले, त्यांत ती होती. एक लाख बारा हजारांहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली आणि 249 जणांवर किरणोत्सारी पदार्थ आढळला. सिझियम क्लोराइड मिठासारखं पाण्यात विरघळतं, त्यामुळे ते घामातून, अन्नातून, पावसातून सगळीकडे पोचलं. मायापुरीतला कोबाल्ट धातूच्या रूपात होता, म्हणून तिथे असा फैलाव झाला नाही.

भंगार वितळवलं गेलं तर प्रकरण देशाबाहेर जातं. 2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडलं, आणि त्याचं पोलाद भारतातून गेलेलं होतं.

भंगारात असा तुकडा आला हे ओळखायचं कसं?

किरण दिसत नाहीत, वास येत नाही, हाताला चटका बसत नाही. मोजायचं साधन नसेल तर या गोष्टींवरून संशय घ्यायचा:

- आकाराच्या मानाने फार जड डबा, पिंप किंवा गोळा, शिशाने किंवा टंगस्टनने भरलेला.
- पिवळ्या पार्श्वभूमीवर काळं किंवा गडद जांभळं तीन पात्यांचं चिन्ह. 2007 पासून मोठ्या स्रोतांवर लाल त्रिकोणही असू शकतो: किरण, कवटी आणि पळणारा माणूस.
- डब्याच्या आत बोटाच्या पेरापासून पेन्सिलीएवढ्या, गुळगुळीत स्टीलच्या बंद नळ्या किंवा साखळीसारखी वेटोळी केबल.
- यंत्रावर कोबाल्ट, सिझियम, इरिडियम, अमेरिशियम यांपैकी नाव, किंवा क्युरी (बेक्वेरेलच्या आधीचं जुनं एकक) अथवा बेक्वेरेलमधला आकडा.

खात्री करून घ्यायला फोडून बघू नका. मोजायचं साधन असलं तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा: साधे गायगर काउंटर फार तीव्र क्षेत्रात गुदमरतात आणि शून्य दाखवतात. म्हणून ते लांबूनच सुरू करून काट्याकडे बघत पुढे जायचं असतं. स्रोतापाशी नेऊन सुरू करायचं नाही.

सापडलाच तर काय करायचं?

हात लावू नका आणि मागे व्हा. अंतर हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर मिळणारं संरक्षण. 1 टेराबेक्वेरेल कोबाल्ट-60 उघडा पडला तर 1 मीटरवर ताशी साधारण 0.35 सिव्हर्ट मिळतात. 10 मीटरवर त्याच्या शंभरावा भाग. 10 सेंटीमीटरवर मात्र शंभरपट, म्हणजे ताशी 35 सिव्हर्ट, आणि तिथे सात मिनिटांत प्राणघातक मात्रा पोचते. खिशात घातला तर हिशेब त्याही पलीकडे जातो. पेरूमध्ये 1999 साली एका वेल्डरने कामावर सापडलेला इरिडियम-192चा तुकडा पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि काही तास काम केलं. त्याचा पाय कापावा लागला आणि घरी त्याच्या बायकोलाही इजा झाली.

सगळ्या बाजूंनी किमान 30 मीटर जागा मोकळी करा. डबा फुटून पावडर सांडली असेल तर 100 मीटर. गॅस कटिंग, पंखा, झाडू, पाण्याचा फवारा लगेच बंद. तिथे काही खाऊ-पिऊ नका, विडी-सिगारेट ओढू नका. कोण कोण तिथे होतं, किती वेळ, किती जवळ, याची यादी लिहून काढा. डॉक्टरांना पुढे या यादीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. 112 वर पोलिसांना 'किरणोत्सारी वस्तूचा संशय' असं स्पष्ट शब्दांत सांगा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि अणुशक्तीनगर, मुंबई इथलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, यांच्यापर्यंत निरोप पोचलाच पाहिजे. माल परत विकून टाकू नका, नाल्यात किंवा विहिरीत टाकू नका.

एक्स-रे विभागातला शिशाचा एप्रन घातला तर?

कोबाल्टसमोर त्याचा उपयोग नाही. एप्रनमध्ये 0.25 ते 0.5 मिलिमीटर शिसं असतं आणि ते एक्स-रेच्या कमी ऊर्जेसाठी असतं. कोबाल्ट-60चे गॅमा निम्मे करायला सुमारे 12 मिलिमीटर शिसं किंवा 6 सेंटीमीटर काँक्रीट लागतं. एप्रन घालून जवळ जाण्यापेक्षा न घालता लांब राहणं बरं.

किरणोत्सर्गाचा आजार कसा दिसतो?

याचे टप्पे असतात. आधी मळमळ, उलट्या, थकवा. मग काही दिवस ते दोन-तीन आठवडे माणूस बरा वाटतो. हा मधला काळ फसवतो: घरच्यांना वाटतं अन्नातून विषबाधा झाली होती, गेली. त्यानंतर खरा आजार येतो: ताप, जंतुसंसर्ग, हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, पुंजक्याने गळणारे केस.

उलटी किती वेळात झाली यावरून मात्रेचा ढोबळ अंदाज येतो. दोन तासांनंतर झाली तर साधारण 1 ते 2 ग्रे. एक ते दोन तासांत झाली तर 2 ते 4. तासाभराच्या आत झाली तर 4 च्या वर. दहा मिनिटांत उलटी म्हणजे 8 च्याही वर, आणि तिथे आधुनिक उपचारांनीही जीव वाचणं अवघड. पण भीतीनेही उलटी होते, म्हणून एवढ्यावर निदान करू नये. त्यापेक्षा भरवशाची तपासणी कुठल्याही तालुक्याच्या गावी होते: रक्तातल्या लिम्फोसाइटची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, संख्या. पहिल्या दोन दिवसांत दर सहा-आठ तासांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. लिम्फोसाइट भराभर उतरत असतील तर रुग्णाला वेळ न दवडता मोठ्या केंद्रात हलवा. मात्रेचा नेमका अंदाज नंतर रक्तपेशींच्या गुणसूत्रांमधली मोडतोड मोजून काढतात.

उपचार अस्थिमज्जा सावरेपर्यंत माणसाला तगवण्याचे असतात: स्वच्छ वेगळी खोली, प्रतिजैविकं, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी वाढवणारी फिलग्रास्टिमसारखी इंजेक्शनं. अस्थिमज्जा प्रत्यारोपण फार थोड्यांना उपयोगी पडतं. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या अपघातात 1986 साली 134 जणांना हा आजार झाला आणि त्यांतले 28 त्याच वर्षी गेले. ते सगळे केंद्रातले कर्मचारी आणि आग विझवायला धावलेले जवान होते.

कातडी भाजते ती साध्या भाजण्यासारखीच का?

दिसायला तशी, पण वागायला वेगळी. किरण लागताना दुखत नाही. 3 ग्रेच्या आसपास दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात, त्याहून जास्त मात्रेने लाली येते. 15 ते 20 ग्रेला फोड येऊन कातडी ओली सोलते. 25 च्या पुढे ऊती मरते. जखम खाली किती खोल गेली आहे ते आठवड्यांनी कळतं, भरलेली जखम महिन्यांनी पुन्हा उघडते, वेदना फार असतात. चटका बसल्याचं कुठलंही कारण आठवत नसलेला असा 'भाजलेला' रुग्ण भंगार, वेल्डिंग तपासणी किंवा पाइपलाइनच्या कामावरचा असेल तर डॉक्टरांनी किरणोत्सर्गाचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का? आयोडीनयुक्त मीठ चालेल का?

पोटॅशियम आयोडाइड फक्त एकाच गोष्टीपासून वाचवतं: अणुभट्टीतून सुटलेलं किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीमध्ये साठण्यापासून. कोबाल्ट, सिझियम किंवा बाहेरून येणाऱ्या गॅमावर त्याचा काडीचा परिणाम नाही. मात्रा वयानुसार: मोठ्यांना 130 मिलिग्रॅम, 3 ते 12 वर्षांच्या मुलांना 65, एक महिना ते तीन वर्षं 32, नवजाताला 16. वेळ फार महत्त्वाची. किरणोत्सारी ढग येण्याआधी 24 तासांपासून नंतर दोन तासांपर्यंत सर्वांत चांगला उपयोग होतो, आठ तासांपर्यंत थोडाफार. एक दिवस उलटून गेल्यावर घेतली तर नुकसानच जास्त. चाळिशीपुढच्यांना सहसा गरज नसते. मुलं, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आया आधी. प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नका.

मिठाचं गणित करून बघा. मोठ्या माणसाच्या एका गोळीत सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपल्याकडच्या मिठात ग्राहकापर्यंत पोचताना किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम. म्हणजे साडेसहा किलोहून जास्त मीठ खावं लागेल. जखमेला लावायचं आयोडीन पिणं तर सरळ विष पिणं आहे.

सिझियम पोटात गेलं तर?

त्यासाठी प्रशियन ब्लू नावाचं निळं औषध तोंडावाटे देतात. ते आतड्यात सिझियमला बांधून शौचावाटे बाहेर काढतं. त्यामुळे शरीरातलं सिझियम निम्मं व्हायला लागणारे सुमारे 110 दिवस महिन्याभराच्या आसपास येतात. गोयानियात 46 जणांना ते दिलं गेलं. रंगाच्या दुकानात त्याच नावाने मिळणारी पूड म्हणजे हे औषध नव्हे.

तारापूरला अपघात झाला तर पालघरच्या माणसाने काय करावं?

भारतात अणुवीज केंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंतचा पट्टा आणीबाणीच्या नियोजनात धरतात. सूचना आली की पहिलं काम घरात जाणं, रस्त्यावर पळणं नव्हे. आरसीसी इमारतीतली मधली खोली उत्तम. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात किरण फारसे अडत नाहीत, म्हणून जवळची पक्की शाळा किंवा शेजाऱ्याचं स्लॅबचं घर आधीच हेरून ठेवावं. खिडक्या, एसी, एक्झॉस्ट बंद. बाहेरून आलेल्याने दाराशीच कपडे उतरवून अंग धुवावं. पिण्याचं पाणी झाकलेल्या टाकीतलं किंवा बाटलीतलं.

नंतरच्या दिवसांत खरी काळजी दुधाची. गाई-म्हशी गवत खातात, गवतावर आयोडीन-131 पडतं, दुधात उतरतं आणि मुलांच्या थायरॉइडमध्ये साठतं. चेर्नोबिलच्या वेळी बाल्य-किशोरवयात असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत सहा हजारांहून जास्त थायरॉइड कर्करोग नोंदले गेले, आणि त्यामागे तेव्हा प्यायलेलं दूषित दूध हे मोठं कारण होतं. दूध वेळेत थांबवलं असतं तर त्यातले बरेच टळले असते. म्हणून जनावरांना गोठ्यात बांधून साठवलेला कडबा घालायचा, ताजं दूध आणि पालेभाजी तपासणी होईपर्यंत टाळायची. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, त्यामुळे काही महिन्यांत ते संपतं. सिझियम-137चं तीस वर्षं, ते जमिनीत राहतं.

घाईच्या स्थलांतराचीही किंमत मोजावी लागते. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या 2011 मधल्या अपघातात किरणोत्सर्गाचा तीव्र आजार एकालाही झाला नाही, पण त्या प्रांतात दोन हजारांहून जास्त मृत्यू आपत्तीनंतरच्या हालांशी जोडले गेले. त्यांत मोठा भाग म्हाताऱ्या आणि आजारी माणसांचा होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसं, कुठे आणि कोणत्या औषधांसह न्यायचं हे ठरल्याशिवाय त्याला हलवू नये.

थोड्या मात्रेने कर्करोग होतोच का? पुढच्या पिढीत व्यंग येतं का?

'होतोच' असं नाही, शक्यता वाढते. नियमन करताना 1 सिव्हर्टमागे आयुष्यभरात साधारण 5 टक्के जादा जोखीम धरतात. 10 मिलिसिव्हर्टला त्या हिशेबाने दोन हजारांत एक. 100 मिलिसिव्हर्टच्या खाली वाढ इतकी लहान असते की इतर कारणांच्या कर्करोगांतून ती वेगळी काढणं कठीण. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) दोनेक वर्षांनंतर दिसू लागतो, इतर गाठी दहा वर्षं किंवा जास्त घेतात.

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं आजवर आढळलेलं नाही. स्फोटाच्या वेळी जी बाळं पोटात होती त्यांच्यावर मात्र परिणाम झाला. गर्भाच्या 8 ते 15 आठवड्यांत मोठी मात्रा मिळालेल्यांमध्ये लहान डोकं आणि मतिमंदत्व आढळलं. वाचलेल्यांच्या मुलामुलींना लग्नाच्या बाजारात डावललं गेलं, ते विज्ञानाच्या आधारावर नव्हे.

गरोदरपणात चुकून एक्स-रे काढला गेला, गर्भपात करावा का?

छातीच्या एक्स-रेत गर्भाला मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहूनही कमी मात्रा पोचते. 100 मिलिग्रेच्या खाली या कारणासाठी गर्भपात सुचवत नाहीत. पोटाचा सीटी झाला असेल तर मात्रा मोजून घ्या आणि मग डॉक्टरांशी बोला.

लासलगावला किरण दिलेला हापूस किंवा कांदा किरणोत्सारी होतो का?

नाही. कोबाल्ट-60च्या गॅमाने फळ किरणोत्सारी होत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान 400 ग्रे देतात, तेही कोयीतली कीड निकामी व्हावी म्हणून.

मोबाइल टॉवर?

त्या लहरी अणूतला इलेक्ट्रॉन उखडू शकत नाहीत. या पानावरचं काहीही त्यांना लागू नाही.

आमच्या कॉलेजात किंवा कारखान्यात जुना स्रोत पडून आहे. काय करावं?

आधी एक फरक: एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो, वीज काढली की किरण बंद. कोबाल्ट, सिझियम, अमेरिशियमचे स्रोत मात्र कधीच 'बंद' होत नाहीत.

नोंदवही, खरेदीची कागदपत्रं आणि यंत्रावरची पाटी जुळवून पाहा: कोणता पदार्थ, किती बेक्वेरेल, कोणत्या तारखेला. खोलीला कुलूप, दारावर चिन्ह, किल्ली एका नावाने जबाबदार माणसाकडे. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नसेल तर आधी तो नेमा. मग एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून परवानगी घेऊन स्रोत पुरवठादाराकडे किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे परत पाठवा. वाहतुकीचं पॅकिंगही त्यांच्याच मान्यतेचं लागतं. स्रोत पोचल्याची पावती हातात येईपर्यंत तो तुमचाच आहे असं समजा. डेडस्टॉकच्या यादीत 'जुनं यंत्र, एक नग' अशी नोंद करून लिलावाला लावलेला डबा मायापुरीच्याच वाटेने जातो, म्हणून डेडस्टॉकच्या कागदावर सही करण्यापूर्वी विभागप्रमुखाने स्वतः जाऊन पाटी वाचावी.